इंग्रज म्हणजे नेमके कोण?

आज पहिलाच तास, त्यामुळे राजाराण्यांच्या वंशावळीला हात लावत नाही. ती पाठ करायला तुम्हाला माझी गरज नाही. आज एकाच शब्दाशी जरा भांडू या: इंग्रज.

हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि असा रुळला, की त्या बेटांवरून आलेल्या प्रत्येक गोऱ्याला आपण तोच लावतो. १८१८ साली पेशवाई कोणी बुडवली? इंग्रजांनी. बरं, मग या मुलखाची घडी बसवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कोण? स्कॉटिश. त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम? स्कॉटिश. साताऱ्याला रेसिडेंट असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ? तोही स्कॉटिश. मुंबईतल्या विल्सन कॉलेजवर ज्यांचं नाव आहे, ते मिशनरी जॉन विल्सनही तिकडचेच. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी ज्यांना 'इंग्रज साहेब' म्हणून मुजरे घातले, त्यांतले कितीतरी इंग्लंडचे नव्हतेच.

हे झालं कसं? सतराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडने पनामाच्या किनाऱ्यावर डॅरिएन इथे स्वतःची वसाहत थाटायचा घाट घातला. सरदार, व्यापारी, वकील, सगळ्यांनी पैसे ओतले. १७०० पर्यंत सगळं बुडालं. रोगराईने माणसं गेली आणि शेजारच्या इंग्लंडने मदतीचा हात आखडता घेतला. पुढे १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या, त्यामागे बरीच कारणं होती, पण ही कर्जबाजारी अवस्था त्यांतलं एक. त्या करारात डॅरिएनमध्ये बुडालेल्यांना भरपाई मिळाली आणि इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार स्कॉटिशांना खुला झाला. पुढे हिंदुस्थानच्या कारभारावर लंडनमधून देखरेख करणाऱ्या मंडळात हेन्री डंडास हा स्कॉटलंडच्या राजधानीतला, एडिंबराचा माणूस वजनदार झाला. नेमणुका त्याच्या शब्दावर होत. आपल्या गाववाल्यांची सोय लावणं ही कला फक्त आपल्याकडेच आहे, असं समजू नका.

मात्र संसद गेली तरी स्कॉटलंडने आपला कायदा, आपलं चर्च आणि आपल्या शाळा सोडल्या नाहीत. आजही तिथले कोर्टाचे नियम निराळे आणि तिथल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. १९९९ मध्ये एडिंबराला पुन्हा संसद भरली. २०१४ मध्ये वेगळं व्हायचं का, म्हणून मतदान झालं. ५५ टक्के लोक नको म्हणाले.

आयर्लंड हे वेगळं आणि फार जड प्रकरण आहे, त्याला दोन तास लागतील. आज फक्त ब्रिटनच्या झेंड्याकडे, युनियन जॅककडे बघा. त्यात इंग्लंडचा क्रूस आहे, स्कॉटलंडचा आहे, १८०१ मध्ये जोडलेल्या आयर्लंडचाही आहे. इंग्लंडला चिकटून असलेला वेल्स कुठे आहे? कुठेच नाही. सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याने त्याला असं पोटात घेतलं, की झेंड्यावर वेगळी खूण ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही.

वेल्सची भाषा मात्र पचली नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं, की तो त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल, त्याला शिक्षा. १८४६ मध्ये शाळांची चौकशी करायला लंडनहून तीन कमिशनर आले. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं, पण ही भाषा प्रगतीच्या आड येते, असा अहवाल त्यांनी १८४७ मध्ये देऊन टाकला. आज कार्डिफ स्टेशनवर पाट्या दोन्ही भाषांत आहेत.

मधल्या बाकावर कुजबूज चाललीय. शाळेत मराठी बोललात म्हणून दंड भरलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. खाली ठेवू नका, मोजतोय मी.