आधी नकाशा, मग गोष्ट

(दृश्य: जुन्या छापील नकाशावरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

हे बेट कुठल्याच समुद्रात नाही. तरी बघा, नांगर टाकायला जागा आहे. टेकड्या आहेत, दलदल आहे. आणि या फुल्या.

१८८१चा उन्हाळा. स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव. पावसामुळे घरात अडकलेला १३ वर्षांचा लॉइड रंगपेटी घेऊन बसला होता. त्याचे सावत्र वडील, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, अधूनमधून शेजारी येऊन बसत. अशाच एका दुपारी त्यांनी एका बेटाचा नकाशा रंगवला. गोष्ट तोवर डोक्यात नव्हतीच.

(दृश्य: ओल्या कागदावर ब्रश. रंग पसरतो.)

पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय: नकाशाकडे बघत राहिलो, तर त्यातल्या झाडीतून माणसं डोकावू लागली. लगेच दुसरा कागद ओढून त्यांनी प्रकरणांची यादी केली. मग रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यांत त्यांचे वडीलही होते, आणि ते नुसते ऐकत बसले नाहीत. खलाशाच्या पेटीत काय काय निघावं, याची यादी त्यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर करून दिली. १५ दिवसांत १५ प्रकरणं झाली आणि लेखणी थांबली. उरलेलं पुस्तक स्वित्झर्लंडमध्ये, दाव्होसला पूर्ण झालं. ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ साली पुस्तकरूपात आलं आणि जगभर पोचलं.

‘सुचलं’ हा शब्द आपण फार पटकन वापरतो. हा ब्रश, ही यादी, हा लिफाफा त्यात दिसत नाही.

(दृश्य: सरोवरावर ढग.)

पाऊस जिनिव्हालाही होता, १८१६ साली. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख हवेत होती आणि युरोपात उन्हाळा आलाच नाही. घरात कोंडलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. १८ वर्षांच्या मेरी शेलीला बरेच दिवस काहीच सुचेना. शेवटी तिने लिहिलं ते ‘फ्रँकेन्स्टाइन’.

(दृश्य: रेल्वेचे रूळ, बर्फ.)

जानेवारी १८७२, रशिया. यासेन्की स्टेशनजवळ आन्ना पिरोगोवा या स्त्रीने गाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉय तिथे गेले, त्यांनी तो देह पाहिला. ‘आन्ना कारेनिना’ त्यांनी लिहायला घेतली ती पुढच्या वर्षी.

(इथे निवेदन नाही. फक्त रूळ.)

(दृश्य: पुन्हा नकाशा.)

स्टीव्हन्सननी पुस्तकाबरोबर नकाशाही प्रकाशकाकडे पाठवला होता. तो वाटेत हरवला. मग वडिलांच्या ऑफिसात बसून, स्वतःचंच पुस्तक पानोपान चाळून, कुठे काय लिहिलंय ते टिपत, कंपासने अंतरं मोजत नवा नकाशा तयार करावा लागला. तो त्यांना कधीच आपल्या बेटाचा वाटला नाही.

आत्तापर्यंत तुम्ही पाहिलात, तो हा दुसरा नकाशा.