जखम भरते ती काठापासून

(सांगलीतील व्याख्यानाचा संपादित भाग)

उसाच्या फडात कोयता पायाला निसटता लागला आणि दोन दिवसांनी खपली धरली, की जखम भरू लागली असे आपण समजतो. खरे काम मात्र खपलीखाली, जखमेच्या काठाशी चाललेले असते. तिथल्या केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या पेशी, आपली शेजाऱ्यांवरची पकड सैल करतात, चपट्या होतात आणि उघड्या पडलेल्या भागावर सरकू लागतात. त्यांना हलवणारी प्रथिने म्हणजे वृद्धिघटक.

पहिले घटक रक्त गोठतानाच प्लेटलेट्समधून सुटतात, परंतु पुढची देवघेव त्वचेच्या पेशी आपापसांत करतात. दुखावलेल्या केराटिनोसाइट इंटरल्यूकिन-1 नावाचे निरोप्या प्रथिन सोडतात. ते खालच्या थरातील फायब्रोब्लास्टपर्यंत, म्हणजे त्वचेचे तंतू विणणाऱ्या पेशींपर्यंत, पोहोचले की त्या पेशी केजीएफ नावाचा घटक बनवतात, आणि गंमत अशी की बनवणाऱ्या पेशीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण त्याचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्याला पकडणारे प्रथिन, वरच्या केराटिनोसाइटवर असतो. त्या मग विभागू लागतात, शिवाय व्हीईजीएफ नावाचा वृद्धिघटक सोडून नव्या रक्तवाहिन्यांनाही आपल्याकडे ओढून घेतात.

अशा घटकांपैकी ईजीएफ नावाचा एक घटक स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, एवढ्या बारीक निरीक्षणावरून त्यांनी 1962 मध्ये ते प्रथिन वेगळे केले. 1986 चे नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळाले. 1975 मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या केराटिनोसाइट प्रयोगशाळेत वाढवल्या. पुढे असे दिसले, की परक्या माणसाच्या पेशींचा पापुद्रा जखमेवर ठेवला तर तो कायम टिकत नाही, तरीही रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काठाकडून जोमाने येतात. पापुद्रा जातो, पण त्याने सोडलेले घटक आपले काम करून गेलेले असतात.

मग मधुमेहाच्या पायाची जखम का रखडते? तिथे प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) इतकी माजलेली असतात की वृद्धिघटक तयार होतात आणि तुटतात. पीडीजीएफ या प्लेटलेट्समधल्या वृद्धिघटकाचे जेल अमेरिकेत 1997 मध्ये मंजूर झाले, ईजीएफचे जेल आपल्याकडेही मिळते. परंतु मेलेले मांस काढलेले नाही, जंतुसंसर्ग आवरलेला नाही आणि रुग्ण त्याच पायावर भार देऊन हिंडतो आहे, अशा जखमेवर महागडे जेल लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे माझे स्पष्ट मत आहे. (वृद्धिघटकांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सौंदर्यक्रीमबद्दल एवढेच सांगतो, की अखंड त्वचेतून इतका मोठा रेणू सहजासहजी आत शिरत नाही.)

‘जखमेला वारा लागू द्या’ हा घरोघरचा सल्लाही तपासून पाहावा. जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 मध्येच डुकरांवर दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते, कारण कोरड्या खपलीखाली पेशींना ओल शोधत खोलवरून वाट काढावी लागते. हळदीच्या या पेठेत बोलायला थोडे धाडसच लागते, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेव्हा मधुमेही माणसाच्या उघड्या जखमेत ती भरू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन, झाकून, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.