शंकर आबाजी भिसे : चाळीस पेटंटं आणि एक खिळा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या लोकलमध्ये दाराजवळ दांडा धरून उभं असलं, की वरून एका बाईंचा आवाज येतो, ‘पुढील स्टेशन दादर’. पाटीवर लाल अक्षरं सरकतात. रोजचा प्रवासी मान वर करून बघतसुद्धा नाही. पण गाडीतल्या माणसाला पुढचं स्टेशन आपोआप कळावं, ही कल्पना घेऊन एकोणिसावं शतक सरत असताना मुंबईतला एक मराठी तरुण खटपट करत होता. तेव्हा लोकलला कोळशाचं इंजिन होतं. विजेवरची गाडी मुंबईत यायला १९२५ साल उजाडलं. त्या तरुणाचं नाव शंकर आबाजी भिसे.

भिशांच्या खात्यावर दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटं सांगितली जातात. स्टेशन दाखवणारं यंत्र, आतला माल बदलता येणार नाही अशी बाटली, पीठ-साखर आपोआप तोलून देणारा काटा, विजेची जाहिरातपाटी, आपोआप पाणी सोडणारा संडास, डोकेदुखीवरचं उपकरण, टाइप ओतण्याचं यंत्र, आयोडीनचं औषध. यादी वाचली तर एखाद्या बाजारपेठेतून चक्कर मारल्यासारखं वाटतं. यातली एकच गोष्ट मला हाताने कळलेली आहे, ती म्हणजे टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरांचे खिळे. म्हणून आज मी तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे. बाकीच्या वस्तूंनी राग मानू नये.

तरुणपणी काही वर्षं मी एका लहान छापखान्यात खिळे जुळवले. आताच्या मुलांना खिळा म्हटलं की भिंतीतला आठवतो. आमचा खिळा म्हणजे शिशाची बोटाच्या पेरापेक्षा थोडी उंच काडी, तिच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. लाकडी केस म्हणजे खणांची पेटी, तिच्यातून एकेक उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे लहान पट्टीत, ओळ लावायची, ओळींची गॅली, म्हणजे जुळलेल्या ओळींचं तबक, गॅलीवरून प्रूफ, म्हणजे तपासायची छाप. इंग्रजीचं काम दोन केसांत भागतं. मराठीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात. आणि लग्नसराईत जे लागतं तेच नेमकं संपतं. वैशाखात आमच्याकडे ‘श्री’ पुरायचे नाहीत. ‘चि. सौ. कां.’मधला ‘कां’ दहा पत्रिकांच्या मजकुरात अडकलेला असायचा. मग एका पत्रिकेची छपाई उरकेपर्यंत दुसरी थांबवायची, नाहीतर फौंड्रीकडे, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याकडे, माणूस पिटाळायचा. खिळे झिजतात, पडून त्यांच्या कडा मोडतात, म्हणजे नवे ओतून घ्यायचेच. अक्षर किती वेगाने ओतता येतं, हा प्रश्न छापखानेवाल्याच्या पोटाचा होता.

आता भिशांकडे येऊ. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. चौदाव्या वर्षी या मुलाने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस काढण्याचं उपकरण केलं होतं म्हणतात. घरच्यांना काय वाटलं असेल, ते आपण ताडावं. यंत्रविद्येचं रीतसर शिक्षण मात्र त्यांना मिळालं नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे न्यूयॉर्कचं साप्ताहिक, तीच त्यांची शाळा. पुढे त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. मुंबईत त्यांनी एक सायंटिफिक क्लबही काढला होता.

त्यांना दार उघडलं वाण्याच्या दुकानातल्या काट्याने. इंग्लंडमधल्या, शोध लावणाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली होती : पिठासारखा भुकटीचा माल आपोआप तोलून बाहेर देणारं यंत्र करा. भिशांनी मुंबईत बसून आराखडा धाडला आणि तिथल्या लोकांना मागे टाकून बक्षीस पटकावलं. मुंबईतल्या पुढाऱ्यांचं लक्ष तेव्हा या माणसाकडे गेलं. दिनशा वाच्छांनी दादाभाई नौरोजींच्या नावे चिठ्ठी दिली आणि भिसे लंडनला निघाले.

इथे पेटंट या प्रकाराबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुझी युक्ती चित्रांसकट सगळ्यांपुढे मांड, त्या बदल्यात ठराविक वर्षं दुसऱ्याला ती वापरू देणार नाही. इंग्लंडात तेव्हा ही मुदत चौदा वर्षांची होती. पण पहिली काही वर्षं सरली की दरसाल फी भरावी लागे आणि ती चढत जाई. शिवाय प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं, प्रत्येक ठिकाणचा खर्च वेगळा. आपल्याकडे पेटंटचा कायदा आला १८५६ मध्ये, आणि पहिला अर्ज कशासाठी होता माहीत आहे? पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाला वारा घालणाऱ्या पंखेवाल्याचे कष्ट म्हणा की पगार म्हणा, वाचवायचा होता. भिशांच्याच काळात तिकडे जगदीशचंद्र बोस पेटंट घ्यायलाच नाखूश होते. अमेरिकेत १९०४ मध्ये त्यांच्या नावाने एक निघालं, तेही स्नेह्यांच्या आग्रहामुळे. मोठेपणाच्या गोष्टीत बोसांचा तो निःस्पृहपणा आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र भिशांचा हिशेबीपणा जास्त जवळचा वाटतो. बोसांना कॉलेजचा पगार होता. भिशांजवळ विकायला डोक्यातल्या युक्तीखेरीज काही नव्हतं.

आणि हिंदुस्थानातून इंग्लंड किती पैसा ओढून नेतं, याचा जन्मभर हिशेब मांडणारे दादाभाई भिशांचे भागीदार झाले. तेव्हा ते पंच्याहत्तरीला आले होते. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून येऊन पार्लमेंटात जाऊन बसलेला हा म्हातारा जाहिरातपाटीच्या शोधात पैसे घालतो, हे आधी वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. नंतर त्यातलं इंगित उमगलं. हिंदी माणसाला यंत्र कळत नाही, त्याने कच्चा माल पाठवावा आणि पक्का विकत घ्यावा, असं साहेब उठताबसता ऐकवत होता. त्याला उत्तर म्हणून आकडे पुरत नव्हते. चालतं यंत्र हवं होतं.

भिशांची विजेची पाटी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. स्वयंपाकघरातली साधनं झाली. स्त्रियांच्या अंतर्वस्त्रातल्या एका सुधारणेचंही पेटंट झालं, आणि दादाभाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा काय भाव होते हे बघायला मी पुष्कळ काही दिलं असतं. पण पाटी झळकल्याने घर चालत नाही. खरा पैसा छपाईच्या धंद्यात होता, आणि भिसे तिकडे वळले.

टाइप ओततात कसा, ते ऐका. शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील वितळवून एकत्र करायचं. नुसतं शिसं मऊ पडतं, अँटिमनीने त्याला कडकपणा येतो आणि निवताना अक्षराची कड आखडत नाही. तळाशी अक्षराची मातृका, म्हणजे अक्षर खोल कोरलेला धातूचा तुकडा. तिच्यावर साचा. पंपाने रस आत मारायचा, निवू द्यायचा, साचा उघडायचा, खिळा बाहेर, शेपूट मोडायची, घासायचं. सगळी मेख त्या ‘निवू द्यायचा’मध्ये आहे. पंप हवा तेवढा वेगाने हलवा, रस निवायला लागेल तेवढा वेळ लागणारच. घाई केली तर खिळा पोकळ निघतो आणि छापताना दबतो. आमच्या छापखान्यात असे खिळे आले की हेडकंपोझिटर फौंड्रीवाल्याच्या सात पिढ्या काढायचा.

बाजारात तेव्हा दोन दादा होते. लायनोटाइप अख्खी ओळ एका लगडीत ओतायचं. मोनोटाइप एकेक अक्षर ओतून ओळीत लावायचं. भिशांनी विचार वेगळा केला. एका साच्याला पळवण्यापेक्षा पुष्कळ साचे एकदम भरा. एक निवतोय तोवर बाकीचे थांबून का राहतील? अशा तऱ्हेने मिनिटाला हजारावर खिळे पाडता येतील, असा त्यांचा दावा होता. लंडनच्या जाणकारांनी आधी ऐकूनच घेतलं नाही, मग यंत्र बघून त्यांना गप्प बसावं लागलं. त्या यंत्राला पुढे ‘भिसोटाइप’ म्हणू लागले. स्वतःचं आडनाव यंत्राला चिकटवणं आपल्या लोकांना जरा अंगावर येतं, पण तिकडची रीतच ती होती.

इथून पुढची कथा पैशाची आहे. भांडवल उभं करून द्यायचं कबूल केलं हेन्री हाइंडमन यांनी. हे गृहस्थ ब्रिटनमधल्या समाजवादी चळवळीचे आद्य पुढारी, दादाभाईंचे जुने स्नेही. भांडवलशाहीवर कडाडून तुटून पडणाऱ्या माणसाने भिशांना पंधरा हजार पौंडांचं भांडवल मिळवून द्यायचा शब्द दिला. नियत चांगली असेलही, पैसा आला नाही. १९०७ मध्ये दादाभाई कायमचे मायदेशी परतले. १९०८ सरता सरता भिशांनी लंडनमधलं कारखान्याचं दार लावलं आणि मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. कादंबरीत असं घडलं तर आपण लेखकाला हसू. पण गोखले १९०८ मध्ये हिंदुस्थानच्या राज्यकारभारातल्या सुधारणांच्या वाटाघाटींसाठी विलायतेला गेलेले होते आणि तेही परत निघाले होते. समुद्रावर दिवसच्या दिवस हाताशी काही काम नसतं. भिशांनी आपलं यंत्र त्यांना समजावून सांगितलं असणार, आणि गोखल्यांसारख्या आकड्यांच्या माणसाला ते पटलं. मुंबईत उतरल्यावर त्यांनी धनिकांकडे शब्द टाकला. बऱ्याच दारांवरून रिकामं यावं लागलं. शेवटी हात पुढे केला रतनजी टाटांनी. हे अलीकडचे रतन टाटा नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या लढ्याला याच गृहस्थांनी पैसे पाठवले, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही त्यांनीच उचलला. टाटा-भिसे अशी जोडनावाची कंपनी निघाली आणि भिसे पुन्हा लंडनला गेले.

यंत्रात सुधारणा होत राहिल्या. पण आधीच्या दोन दादा कंपन्यांची यंत्रं छापखान्यांतून पक्की बसली होती. छापखानेवाला एकदा एका यंत्रावर पैसे घालून बसला की दुसरं कितीही चांगलं असलं तरी वर्षानुवर्षं हलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तशात महायुद्ध पेटलं. १९१५ मध्ये गोखले गेले, १९१८ मध्ये रतनजी. भिशांनी न्यूयॉर्क गाठलं. तिथेही टाइप ओतायच्या यंत्राची कंपनी काढली, पेटंटं घेतली, आणि तिथेही भांडवलाने पुरतं बस्तान बसू दिलं नाही.

अखेर हाताला पैसा लागला तो आयोडीनमधून. जंतू मारायला आयोडीन जुनंच, पण ते झोंबतं, डाग पाडतं, आणि पोटात घेणं धोक्याचं. भिशांनी त्याचं एक द्रावण बसवलं. आधी त्याचं नाव ‘बेसलीन’ होतं, मग ‘अॅटोमिडीन’. अमेरिकन जिभेवर त्यांचं स्वतःचं नावही ‘संकर बिसी’ झालं. एडगर केसी नावाचे एक गूढविद्यावाले तिकडे फार प्रसिद्ध होते, ते आपल्या सल्ल्यांत हे औषध वारंवार सुचवत. त्यामुळे ते अजून तिकडे बाटल्यांतून विकलं जातं. मी औषधाची शिफारस करत नाही. जास्तीचं आयोडीन थायरॉईड बिघडवतं, तेव्हा कुणी मागवायच्या फंदात पडू नये. भिसे स्वतः अध्यात्माकडे झुकले होते. मृतात्म्यांशी बोलणारा एक टाइपरायटरही त्यांच्या शोधांत आहे. खिळ्याच्या माणसाने परलोकाशी बोलायलासुद्धा टाइपच निवडावा, हे मला आवडतं.

अमेरिकन वर्तमानपत्रं त्यांना ‘इंडियन एडिसन’ म्हणत. आपणही तेच अभिमानाने म्हणतो. मला ही उपमा अडचणीची वाटते. एडिसनच्या नावावर अमेरिकेची १,०९३ पेटंटं आहेत खरी, पण त्याने १८७६ मध्ये मेन्लो पार्कला माणसं पगारावर ठेवून शोधांचा कारखाना उभारला होता आणि पाठीशी सावकार होते. भिशांची चाळीस पेटंटं म्हणजे एका माणसाने दारोदार नेलेली चाळीस कागदपत्रं. बाटली, संडास, पाटी, काटा ही उडी मला चंचलपणाची वाटत नाही. लहान वस्तू विकून मोठ्या यंत्राचं पोट भरायचं होतं.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आता जुनी पेटंटं इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. अमेरिकेच्या पेटंट कचेरीतले त्यांच्या टाइपयंत्राचे नकाशे मी मध्यंतरी नातवाकडून काढून घेतले. ‘भिसे’ हे नाव इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून बघावं लागतं. बारीक रेघांनी काढलेले साचे, प्रत्येक दांड्याला आणि स्प्रिंगला आकडा. नातू म्हणाला, “आजोबा, हे एवढं सगळं एका अक्षरासाठी?” मी त्याला साचा कुठे उघडतो ते बोटाने दाखवलं. दुसऱ्या पानावर एक दांडा मलाही उलगडला नाही. तो पाहायला आम्ही रविवारी पुन्हा बसणार आहोत.

नमस्कार.