नऊ वाजताची दंगल

(अमळनेर इथल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वाचनालयाच्या लोकांनी बोलावलं तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, मी पत्रकार नाही आणि प्राध्यापकही नाही. मी केबलवाला. बावीस वर्षं या तालुक्यात खांबांवरून वायर ओढली, महिन्याचं बिल गोळा केलं आणि रात्री-अपरात्री शिव्या खाल्ल्या. माणसं बातम्यांच्या चॅनेलला का चिकटतात हे मला आधी त्या शिव्यांवरून कळलं. अभ्यास वगैरे नंतर वाचले, धंदा विकल्यावर, रिकामा वेळ होता म्हणून.

एकदा काय झालं, दरावरून मला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीचं आणि एका बातम्यांच्या चॅनेलचं बिनसलं. चॅनेल दोन दिवस बंद. आमच्या गल्लीतले एक आप्पा, रिटायर तलाठी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल घेऊन आले. ओट्यावर बसले. पाणी दिलं, घेतलं नाही. मी म्हटलं, आप्पा, बातम्यांची अजून आठ-दहा चॅनेलं चालू आहेत, त्यातलं एखादं बघा की. ते अहिराणीत म्हणाले, "बाकीना समदा खोटं बोलतस." बाकीची त्यांनी लावून पाहिली होती का? नाही. मग याच चॅनेलचा अँकर खरं बोलतो कशावरून, असं विचारलं, तर आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मना मनमा जे शे, तेच तो बोलस."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण नीट बघा, आप्पांनी सगळा धंदा एका वाक्यात सांगून टाकला. काय घडलं ते त्यांना सकाळच्या पेपरात मिळतच होतं. आपल्या मनातलं कुणीतरी कोट-टाय घालून, आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतंय, हे त्यांना रात्री नऊ वाजता हवं होतं.

आता हा धंदा ज्यांनी पक्का बसवला त्या अमेरिकेकडे जाऊ. तिथं चोवीस तास बातम्या आल्या 1980 मध्ये, टेड टर्नर यांच्या सीएनएनमुळे. 7 ऑक्टोबर 1996 ला रूपर्ट मर्डोक यांनी फॉक्स न्यूज सुरू केलं आणि ते चालवायला दिलं रॉजर एल्स यांच्याकडे. हे एल्स 1968 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार निक्सन यांचे टीव्ही सल्लागार होते, म्हणजे पडदा आणि मतदार, दोन्हींची नाडी ओळखणारा माणूस. पण मला वाचताना खुर्चीतून उठवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आपलं चॅनेल दाखवावं म्हणून मर्डोक यांनी केबल कंपन्यांना दर ग्राहकामागे 10 डॉलरच्या आसपास मोजले. एरवी तिथं केबलवाला चॅनेलला पैसे देतो. यांनी गंगा उलटी वाहवली.

आपल्याकडे ती कायमच उलटी होती म्हणा. चांगल्या जागेसाठी चॅनेलवाले मोठ्या केबल कंपन्यांना पैसे मोजत. माझ्यासारख्या लहान माणसाकडे कोण पैसे आणणार? पण जुन्या टीव्हीवर वरच्या नंबरांना मुंग्या यायच्या, खालचे नंबर स्वच्छ दिसायचे, आणि कोण कुठं बसणार ते माझ्या हातात होतं. एका दिवाळीला एका चॅनेलचा माणूस मिठाईचा डबा आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन गेला. मी त्याचं चॅनेल चौथ्या नंबरवर टाकलं. महिन्याभरात अर्धं गाव तेच बघायला लागलं. कुणी विचार करून निवडलं नव्हतं. रिमोट दाबता दाबता तिथं बोट थांबत होतं, इतकंच. पुढं कळलं की ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू या अभ्यासकांनी 2017 मध्ये अमेरिकेत हेच मोजून दाखवलं होतं. जिथं फॉक्सचा नंबर खालचा, तिथं ते जास्त पाहिलं जातं आणि तिथली मतंही, फॉक्स ज्या बाजूचं त्या रिपब्लिकन पक्षाकडे सरकतात. माझं घड्याळ अजून चालतं. ते बघितलं की थोडी लाज वाटते.

पण नंबर माणसाला दारापर्यंत आणतो. घरात बसवून ठेवणं हे निराळं कसब.

आपल्याकडे यात्रेत कुस्त्यांची दंगल होते. कोण चीत होईल माहीत नसतं म्हणून माणसं उन्हात बसतात. नऊच्या चर्चेत उलटं असतं. पडद्यावर आठ चौकोन, त्यात एक-दोन माणसं विरुद्ध बाजूची, मुद्दाम आणलेली. आमच्या लाइनमननं त्यांना नाव ठेवलं होतं, बकरे. बकरा तोंड उघडतो तोच अँकरचा आवाज चढतो, फारच बोलला तर त्याचा माइक बारीक होतो. निकाल दंगलीआधीच लागलेला असतो, गावचा पैलवानच जिंकणार. आणि तरी माणूस दीड तास हलत नाही, कारण ज्याच्या अंगावर दिवसभर साहेब ओरडलाय, व्यापाऱ्यानं कापसाच्या भावात मारलंय, त्याला रात्री एकदा तरी आपण जिंकल्यासारखं वाटतं. त्यात खालच्या लाल पट्टीवर "सर्वात मोठी बातमी" संध्याकाळी सहाला लागते ती रात्री अकरापर्यंत मोठीच राहते. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की कुणावर काहीही म्हणता येतं. आम्ही फक्त विचारलं, असं म्हणायला मोकळे.

मला मात्र ओरडण्याची फारशी भीती वाटत नाही. ते ऐकू येतं. जे दाखवतच नाहीत त्याचं काय? रावेर-यावलकडे जूनच्या वादळात केळीची बाग आडवी होते. त्या रात्री तुम्ही टीव्ही लावता आणि तिथं भलतंच काही चाललेलं असतं. तुम्हाला कळतं की आपल्याला वगळलं, कारण बाग तुमची आहे. पण जे तुमच्या शेतात घडत नाही, त्यातलं काय वगळलं हे घरात बसून कसं कळणार?

यावर एक फार सुंदर प्रयोग झालाय. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी सप्टेंबर 2020 मध्ये फॉक्स बघणाऱ्या काही लोकांना तासाला 15 डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. खरंच बघतात का, हे तपासायला मधूनमधून प्रश्नही विचारले. या लोकांना करोनाबद्दल, टपालानं होणाऱ्या मतदानाबद्दल आधी माहीत नसलेलं बरंच कळलं, काही बाबतींत मतंही हलली. फॉक्स आपल्यापासून काही गोष्टी लपवतं, असंही त्यांना वाटू लागलं. मग पैसे बंद झाले. आणि मंडळी, ते पुन्हा फॉक्सकडे गेले! मतंही हळूहळू जुन्या जागी आली. मला यात आप्पा दिसतात. लपवतो हे कळलं तरी तो आपला माणूस असतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फॉक्स न्यूज पाहा किंवा नका पाहू, केबलच्या बिलातला काही हिस्सा त्यांना जातोच. केबल कंपनीनं चॅनेल काढलं तर तिच्या ओट्यावर लाखो आप्पा येऊन बसतील, ही त्यांची सौदा करायची ताकद. आपल्याकडे बातम्यांचं चॅनेल फुकट किंवा अगदी स्वस्त, म्हणून सगळी मदार जाहिरातीवर, आणि जाहिरात टीआरपीवर, म्हणजे कोण किती बघतं त्या आकड्यावर. देशात 20 कोटींहून जास्त घरांत टीव्ही, आणि मोजणारे मीटर साधारण 55 हजार घरांत. ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं, तेव्हा हे आकडे मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं बातम्यांच्या चॅनेलचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्या मधल्या काळात आकडेच नाहीत म्हटल्यावर आवाज खाली येईल असं मला वाटलं होतं. माझ्या टीव्हीवर तरी तो आला नाही. एव्हाना गिऱ्हाईकच त्या आवाजाचं झालं होतं, दुसरा माल चालणार कुणाला?

इथं खरी गंमत सुरू होते. आपण म्हणतो, चॅनेलनं लोकांना गुरासारखं दाव्याला बांधलं. पण दाव्याच्या दुसऱ्या टोकाला खुंटा नसतो, चॅनेलच बांधलेलं असतं. 3 नोव्हेंबर 2020 च्या रात्री, अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या मतमोजणीत, ॲरिझोना राज्य बायडेन यांनी जिंकलं हे फॉक्सनं सगळ्यांच्या आधी सांगितलं. बातमी खरी निघाली. पण प्रेक्षक, बहुतेक ट्रम्प यांच्या बाजूचे, खवळले आणि न्यूजमॅक्स नावाच्या, आणखी कडक चॅनेलकडे जाऊ लागले. फॉक्समध्ये घबराट झाली. मग डॉमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांत घोटाळा झाला, असे दावे पडद्यावर येत राहिले. पुढं डॉमिनियननं केलेल्या बदनामीच्या खटल्यात फॉक्सवाल्यांचे आपसातले मेसेज बाहेर आले. त्यात मोठे मोठे अँकर या दाव्यांना खाजगीत वेडेपणा म्हणत होते. त्यांच्याच एका वार्ताहरानं ट्विटरवर खरं काय ते लिहिलं, तर तिला काढून टाका, शेअरचा भाव पडतोय, असं एक अँकर म्हणत होता. एप्रिल 2023 मध्ये 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन फॉक्सनं तडजोड केली. एकदा खरं बोलल्यावर गिऱ्हाईक उठून गेलं, त्याची धास्ती इतकी महाग पडली.

तुम्ही म्हणाल, आप्पांना हसतोस, तुझं काय? माझं चॅनेल आप्पांच्या विरुद्ध बाजूचं. एका रात्री मी पडद्याकडे बोट करून ओरडत होतो, "विचार ना त्याला, विचार!" घरातून आवाज आला, "तो पगार घेऊन भांडतो, तुम्ही बिल भरून भांडता." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आवाज थोडा कमी केला, चॅनेल तेच ठेवलं.

आप्पांचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी सिग्नल आला. मी मुद्दाम त्यांच्या घरी सांगायला गेलो. ते खाटेवर पडले होते, ताडकन उठले, चष्मा शोधायला लागले. मला वाटलं, दोन दिवसांत देशात काय झालं ते विचारतील. टीव्ही लागायला वेळ लागत होता, तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, "दोन दिन मा तो काय काय बोलना?"