केळीचा खांब आणि समुद्री शेवाळ : साखरेपर्यंतची वाट

[दृश्य : रावेर तालुक्यातील केळीची बाग. घड उतरवून झाले आहेत. मजूर खांब कापून बांधाकडे ओढत आहेत.]

केळीचे झाड आयुष्यात एकदाच घड देते. घड उतरला की उरतो तो खांब. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात असे खांब इतके निघतात की बांधावर आणि नाल्याच्या काठाने त्यांचे ढीग कुजत पडलेले दिसतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळासाठी. खांब शेतातून लवकर बाहेर काढणे हे आजही बहुतेक ठिकाणी निव्वळ खर्चाचे काम आहे.

[दृश्य : आडवा कापलेला खांब, जवळून.]

एकात एक घट्ट गुंडाळलेली सोपटे, प्रत्येक सोपटात हवेचे कप्पे, त्या कप्प्यांच्या भिंतींत धागे आणि कापलेल्या जागेतून लगेच पाझरू लागणारा चीक. हा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही, हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ताज्या खांबाच्या वजनात सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणीच असते. उरलेल्या कोरड्या भागात सेल्युलोज हा मुख्य घटक आहे, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. ती तुटली की यीस्टला आंबवून इथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून वापरता येणारे अल्कोहोल, करता येईल अशी साखर हाती लागते.

खानदेशात ही साखर निरनिराळ्या अवस्थांत सापडते. अक्कलकुवा आणि धडगाव भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचल्या जाणाऱ्या मोहफुलांत ती तयारच असते, म्हणून भिजवलेली फुले आंबायला वेळ लागत नाही. कपाशीच्या पऱ्हाटीत सेल्युलोज भरपूर आहे, पण त्याच्याभोवती लिग्निनचे कठीण आवरण आहे. ते सैल करायला मोठे तापमान, दाब आणि आम्ल किंवा अल्कली लागते, आणि प्रक्रियेचा बराचसा खर्च तिथेच होतो. केळीचा खांब मात्र ओला, मऊ, पोटॅशसारख्या क्षारांनी भरलेला आणि पऱ्हाटीपेक्षा कमी लिग्निन असलेला आहे. या गुणांत तो ज्याच्याशी सर्वांत जास्त जुळतो ते पीक खानदेशात होत नाही. ते समुद्रात वाढते.

[दृश्य : तामिळनाडूतील मंडपमचा किनारा. बांबूच्या तराफ्यांना बांधलेले लाल शेवाळ.]

समुद्री शेवाळ आपल्या शेतकऱ्याला अगदीच परके नाही. इफ्कोचे सागरिका हे द्रवरूप खत लाल आणि तपकिरी शेवाळापासूनच बनते. कप्पाफायकस हे लाल शेवाळ ताजे असतानाच चिरडायचे, रसाचे खत करायचे आणि उरलेल्या घन भागातून कॅराजीनन हे साखरेच्या रेणूंच्या साखळीचे द्रव्य काढायचे, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने विकसित केली. याच घन भागापासून इथेनॉल करण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत.

जमिनीवर ताठ उभे राहण्यासाठी झाडाला जो कणखरपणा लागतो, तो पाण्याच्या आधाराने तरंगणाऱ्या शेवाळाला लागत नाही. त्यामुळे शेवाळात लिग्निन जवळजवळ नसतेच. सौम्य गंधकाम्लात तापवले तरी कॅराजीननची साखळी तुटते आणि गॅलॅक्टोज मोकळे होते. यीस्ट ते आंबवते, पण ग्लुकोज शिल्लक असेपर्यंत सहसा त्याकडे वळत नाही. खरी अडचण साखळीच्या दुसऱ्या कडीची आहे. कॅराजीननमध्ये गॅलॅक्टोजच्या जोडीला अॅनहायड्रोगॅलॅक्टोज असते, ते यीस्ट खात नाही, आणि आम्लात ते जास्त वेळ तापले तर त्याचे हायड्रॉक्सीमिथिलफरफ्युरल होते, जे यीस्टची वाढच रोखते. म्हणजे आम्ल कमी पडले तर साखर सुटत नाही आणि जास्त झाले तर सुटलेली साखरही वाया जाते. त्यानंतर आम्ल चुन्याने उदासीन करावे लागते, आणि शेवाळातले मीठही यीस्टला त्रास देते, म्हणून तेही कमी करावे लागते.

तपकिरी शेवाळाचे गणित आणखी वेगळे आहे. त्यातले अल्जिनेट हे चिकट कर्बोदक साधे यीस्ट आंबवू शकत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जनुकीय बदल केलेल्या ई. कोलाय जिवाणूकडून अल्जिनेटचेही थेट इथेनॉल करून दाखवले. ते काम मोलाचे आहे, पण प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतचे अंतर त्याने मिटलेले नाही.

[दृश्य : पुन्हा बाग. वजनकाट्यावर खांब.]

खांबासाठी आम्लापेक्षा विकरांची (एन्झाइमची) वाट मला अधिक योग्य वाटते. सौम्य अल्कलीने धागा मोकळा करून घेतला की सेल्युलेज हे विकर पन्नास अंशांच्या आसपास सेल्युलोजचे ग्लुकोज करते, आणि मग तीस-बत्तीस अंशांना यीस्ट आपले काम करते. चिकातली टॅनिनसारखी द्रव्ये विकरांना अडथळा करतात, म्हणून लगदा आधी धुऊन घ्यावा लागतो.

आता हिशेब मांडून पाहू. एक टन ताजा खांब घेतला आणि त्यात नव्वद टक्के पाणी धरले, तर कोरडा भाग १०० किलो उरतो. त्यात ४० किलो सेल्युलोज धरले, तर ते पूर्ण तुटल्यावर सुमारे ४४ किलो ग्लुकोज मिळेल आणि त्यापासून फार तर २८ लिटर इथेनॉल होईल. ही कागदावरची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात उत्पादन याहून कमीच येते. शिवाय ही ४४ किलो साखर खांबाच्याच ९०० लिटर पाण्यात राहिली, तर द्रावण पाच टक्क्यांचेही होत नाही आणि त्यातून वजनाने जेमतेम अडीच टक्के अल्कोहोल मिळते. ऊर्ध्वपातनाचे इंधन परवडायला साधारण चार टक्के तरी अल्कोहोल लागते, असे या क्षेत्रात मानले जाते.

म्हणून शेवाळाकडून आपण घ्यायचा आहे तो कामाचा क्रम : आधी रस, मग साखर. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खांबाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार केले आहे, आणि नवसारी नंदुरबारपासून फार दूर नाही. रस खतासाठी गेला की पोटॅश शेतात परत जाते, लगद्यातले क्षार कमी होतात आणि पुढच्या टाकीत पाणी किती ठेवायचे ते आपल्या हातात राहते.

[दृश्य : खांबांनी भरलेली ट्रॉली.]

या ट्रॉलीत दहा भागांतले नऊ भाग पाणी आहे आणि डिझेल त्याच्यावरच खर्च होते. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा इथेनॉल प्रकल्प भाताच्या पेंढ्यावर चालतो. पेंढा कोरडा, गठ्ठे बांधून दुरून आणता येणारा आहे. खांबाला ती सोय नाही. त्याचा चरक बागेजवळच, सावदा-फैजपूरसारख्या गावांच्या शिवारात असावा लागेल, आणि कारखान्याकडे फक्त पिळलेला लगदा जावा लागेल. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची काढणी वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्याने अशा चरकाला वर्षातला बराच काळ काम मिळू शकते. लगदा जास्त दिवस पडून राहिला तर त्यातली साखर कारखान्याआधी बुरशीच खाऊन टाकते, म्हणून पिळणे, सुकवणे आणि वाहतूक यांतले अंतर काही दिवसांच्या वर जाता कामा नये.