दगड कुणाचा?

(दृश्य: महामार्गाच्या कडेचं गवत. त्यात पडलेला एक काळा दगड. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा दगड नीट बघा. वीतभर उंची. वरच्या कडेला एक चकचकीत खरवड आहे आणि तिच्याखाली वाळलेल्या तेलाचा काळा ओघळ. ते तेल माझ्या गाडीचं आहे.

ट्रक बंद पडला की ड्रायव्हर काय करतात, हे आपल्याकडे हायवेवर फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मागे काही पावलांवर चार दगड मांडायचे, त्यात झाडाची फांदी खोचायची. फांदी दिसली की मागून येणाऱ्याने समजून घ्यायचं, पुढे गाडी उभी आहे. मग ट्रक दुरुस्त होतो आणि निघून जातो. फांदी वाऱ्याने उडते. दगड मात्र तिथेच राहतात.

साताऱ्याहून कराडकडे जाताना, रात्री साडेदहाच्या सुमारास, त्यांतला एक माझ्या गाडीखाली आला. धाडकन आवाज झाला, गाडी उचलली गेल्यासारखी झाली आणि पुन्हा चालू लागली. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. अंधार होता, एकटी होते, थांबायची भीती वाटली. पुढे उजेड दिसेपर्यंत चार किलोमीटर गाडी तशीच नेली.

(दृश्य: गॅरेज. वर उचललेली गाडी. फुटलेला ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, कडेला बोटभर चीर.)

मेकॅनिकने खालून बॅटरी मारली आणि एकच वाक्य बोलला, "ताई, लाल दिवा लागल्या लागल्या चावी बंद करायची हुती."

चेंबर फुटला होता, तो बदलला असता तर काम संपलं असतं. पण तेलाशिवाय चार किलोमीटर पळाल्याने इंजिन जाम झालं होतं. विमा कंपनीने चेंबरचे पैसे मंजूर केले आणि इंजिनाचे नाकारले. त्यांचं म्हणणं असं, की दगड लागला तो अपघात, पण त्यानंतर गाडी चालवली तो तुमचा निर्णय. पॉलिसीत याला परिणामी नुकसान म्हणतात आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिनासाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. धडकले मी. पण भरून कुणी द्यायचं?

(दृश्य: पहाटेचा महामार्ग. कडेला ओळीने उभे ट्रक. एकाचाही मागचा दिवा लागलेला नाही.)

आपल्या मनात एक समजूत पक्की बसलेली आहे. उभी वस्तू काय करणार? जो येऊन आदळला, चूक त्याची. बऱ्याचदा ते खरंही असतं. विजेचा खांब, झाड, दुभाजक जागच्या जागी असताना गाडी जाऊन धडकली तर गाडीचा खर्च आपला. शिवाय तुटलेल्या कठड्याची, वाकलेल्या खांबाची भरपाईही आपल्याकडून मागितली जाते. त्यासाठी थर्ड पार्टी विमा कामाला येतो. खाजगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

पण ज्या वस्तूने तिथे असायलाच नको होतं, तिचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं, की इतरांना धोका होईल किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडू नये. ट्रकमध्ये परावर्तक त्रिकोण ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. तो त्रिकोण मागे ठेवला असता तर दगडांची गरजच नव्हती. आणि सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली गुन्हा आहे. दंड 5,000 रुपयांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत तो 200 रुपयांपर्यंत होता.

न्यायालयांनी हा विषय वर्षानुवर्षं तपासलेला आहे. त्यातला एक खटला तर आपल्याच सातारा जिल्ह्यातला.

29 ऑक्टोबर 1987. पुणे–बेंगळुरू महामार्गावर पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या कडेला आडवा झाला, पेट्रोल गळू लागलं. आजूबाजूच्या गावांतली माणसं ते भरून घ्यायला जमली. काही तासांनी स्फोट झाला आणि 46 जण गेले. विमा कंपनीचं म्हणणं होतं, की टँकर तर केव्हाचा निपचित पडला होता, मग तो "वापरात" कसा? 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. वाहन थांबलेलं असलं, आडवं पडलेलं असलं, तरी ते वापरातच आहे, असा तो निकाल. उभ्या ट्रकवर धडकलेल्या माणसाला त्या ट्रकच्या विमा कंपनीकडे जाता येतं, त्यामागे हा निकाल आहे. माझ्या भागातल्या 46 माणसांच्या मरणातून हा कायदा स्पष्ट झाला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसून होते.

पुढचा मुद्दा, दोष किती कुणाचा. रात्री रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या गॅस टँकरवर एक कार आदळली. टँकरला ना पार्किंगचे दिवे, ना इंडिकेटर. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झोतात कारचालकाला तो दिसलाच नाही. उच्च न्यायालयाने निम्मा दोष कारचालकावर टाकला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुसून सगळी जबाबदारी टँकरवर ठेवली. 2024 मध्येही, रात्री हायवेवर सोडून दिलेल्या ट्रेलरच्या प्रकरणात, पन्नास-पन्नासची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही.

याचा अर्थ प्रत्येक वेळी आपण सुटतो असा मात्र नाही. ताशी 80 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर गेलेले असतात, आणि थांबायला चांगल्या टायरवरही आणखी तेवढेच लागतात. हेडलाइट डिमवर असेल तर उजेड त्याच्या आधीच संपतो. वेग जास्त होता, प्यालेला होता, समोर फलक होते, असं निघालं की दोषाची वाटणी होते आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

(दृश्य: ऊस हंगाम. तिन्हीसांजेला दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, उसाचं वाढं रस्त्यापर्यंत लोंबतंय.)

आमच्याकडे ही दृश्यं दिवाळीनंतर रोजची. ट्रॉलीचा टायर फुटला की ती तिथेच रात्रभर उभी राहते. ट्रॅक्टर मोकळा होऊन निघून जातो आणि मागे राहते ती बिनदिव्याची, बिननंबरची उसाची भिंत. तिच्यावर धडकलेल्या माणसाने दावा कुणावर करायचा, तर आधी मालक शोधायचा. मला राग येतो तो इथे. लाल रेडियमच्या पट्ट्यांना असा काय खर्च येतो?

आणि अडथळा रस्त्याचाच असेल तर? सप्टेंबर 2025 मध्ये समृद्धी महामार्गावर, दौलताबादजवळ, रात्री गाड्यांचे टायर फुटले. लोकांना वाटलं कुणी खिळे ठोकलेत. ते खिळे नव्हते, तडे बुजवण्यासाठी काँक्रीटमध्ये बसवलेली नॉझल होती. तिथे गाड्या वळवण्याची नीट व्यवस्था नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमींना 50,000 ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फार मोठी गोष्ट आहे ही. पण त्यात माणसं आहेत, गाडी नाही. रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 198-अ सुद्धा मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच लागू होतं. नुसत्या गाडीच्या भरपाईसाठी सरकारवर दिवाणी दावा करायचा, आणि त्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची. बहुतेक जण इथेच हात टेकतात.

(दृश्य: पुन्हा तोच गवतातला दगड.)

मी एका वकिलांकडे गेले. त्यांनी या दगडाचा फोटो पाहिला आणि विचारलं, "हा गवतात दिसतोय. हा रस्त्यावर होता हे कशावरून?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गॅरेजमधला मुलगा मोटरसायकलवरून मला परत तिथे घेऊन गेला, तेव्हा आम्ही दोघांनी तो दगड उचलून कडेला टाकला होता. मागून एखादा दुचाकीवाला आला असता तर त्याचा जीव गेला असता. फोटो काढला दुसऱ्या दिवशी. त्या रात्रीच 1033 वर, म्हणजे राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकावर, फोन केला असता तर निदान वेळ आणि जागा कुठेतरी नोंदली गेली असती. दगडाचा आणि किलोमीटरच्या पाटीचा एकत्र फोटो काढला असता तर वकिलांना बोलायला जागा राहिली असती. उभ्या ट्रकचं प्रकरण असेल तर त्याचा नंबर, विझलेला मागचा दिवा आणि मागे त्रिकोण नसलेला मोकळा रस्ता, हे सगळं तो हलण्याआधी टिपायला हवं, कारण सकाळपर्यंत ट्रक जागेवर राहत नाही. मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या लवादापुढे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा, अशी तरतूद 2022 मध्ये लागू झाली.

त्या रात्री आम्ही चारही दगड उचलले. तीन कोरडे होते.