समुद्रावरून जाणारं विमान

श्रोतेहो, नमस्कार. सहारहून सुटलेलं मॉरिशसचं विमान किनारा सोडतं आणि मग तासन् तास खाली पाणीच पाणी. आजकालच्या बहुतेक मोठ्या विमानांना इंजिनं दोनच. त्यातलं एक बंद पडलं तर? तर विमान दुसऱ्यावर उडतं, नीट उडतं. अट एवढीच, की वाटेत कुठेही असलं तरी एका इंजिनावर, ठरलेल्या मिनिटांत, उतरण्याजोगा विमानतळ गाठता आला पाहिजे. अमेरिकेत 1953 साली ही मर्यादा 60 मिनिटं होती. 1985 मध्ये 120 झाली, पुढे 180, आणि काही विमानांना आता त्याहून जास्त. पुन्हा सांगतो: एका इंजिनावर, ठरलेल्या मिनिटांत, विमानतळ.

आता ती हकिगत, जी मी प्रत्येकाला सांगतो. 24 ऑगस्ट 2001. एअर ट्रान्सॅट या कॅनडातल्या कंपनीचं एअरबस ए-330 टोरांटोहून लिस्बनला चाललेलं. आत 306 माणसं, खाली अटलांटिक, बाहेर काळोख. इंधनाचा तोल बिघडल्याचा इशारा आला. उजवीकडे कमी, डावीकडे जास्त. वैमानिकांनी डावीकडचं इंधन उजवीकडे वळवलं. तोल साधायचा तो नेहमीचा उपाय. पण गळती उजव्या इंजिनापाशीच होती, त्यामुळे डावीकडचं इंधनही तिथूनच बाहेर जाऊ लागलं!

कॅप्टन रॉबेर पिशे आणि सहवैमानिक डर्क डी यागर यांनी अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळाची वाट धरली. उजवं इंजिन बंद पडलं. तेरा मिनिटांनी डावंही. उंची साडेचौतीस हजार फूट आणि तळ अजून सुमारे 120 किलोमीटर लांब. प्रवाशांनी लाइफ जॅकेट चढवली. विमानाखालून एक छोटा पंखा बाहेर आला. तो वाऱ्यावर फिरतो आणि विमान हाताळण्यापुरता जोर पुरवतो. इंजिनाशिवाय ते धूड तरंगत निघालं, जवळपास 19 मिनिटं.

तळ दिसला तेव्हा उंची जास्त होती, आणि पुन्हा वर चढून दुसरा प्रयत्न करायची सोय नव्हती. पिशे यांनी विमान एक पूर्ण गोल फिरवलं, मग नागमोडी वळणं घेत उंची उतरवली. ताशी साधारण 370 किलोमीटर वेगाने चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं. टायर फुटले. पण धावपट्टी संपायच्या आत ते थांबलं. काही जण जखमी झाले, पण 306 च्या 306 माणसं वाचली!

आणि कारण? काही दिवसांपूर्वी ते उजवं इंजिन बदललेलं होतं. हायड्रॉलिकची, म्हणजे दाबाखालच्या तेलाची, न जुळणारी नळी त्यात बसली, ती इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि नळीला चीर गेली.

इथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत लॉबीच्या टाइल्सवर तासभर चर्चा होते आणि लिफ्टच्या देखभालीचा विषय दोन मिनिटांत उरकतात. रात्रपाळीत पाना हातात घेऊन काम करणाऱ्या माणसाला आपण किंमतच देत नाही. ती द्यायला हवी.

समुद्रापलीकडे जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांसाठी म्हणून तर नियम कडक आहेत. एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवरचं तेच काम एकाच माणसाने करायचं नाही. एकाच हाताची चूक दोन्हीकडे जायला नको. उड्डाणाआधी वाटेतल्या पर्यायी विमानतळांचं हवामान बघायचं. मालाच्या कप्प्यात आग लागली, तर ती दाबून ठेवणारी यंत्रणा तिथे पोहोचेपर्यंत पुरली पाहिजे, वर आणखी 15 मिनिटं. आणि लाजेसनंतर वैमानिकांच्या पुस्तिकेत सूचना आली: तोल बिघडला, तर आधी गळती नाही ना हे तपासा, मगच इंधन वळवा.